अहवालातले वर्ष आणि विद्यार्थ्यांचे वर्ष : ग्रामीण हायस्कूलमधील विद्यार्थी मंडळांची चिकित्सा (वडूज परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

ग्रामीण महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा जूनच्या मध्यास सुरू होते आणि पहिल्या पंधरवड्यातच शिक्षकांच्या सभेत वर्षभराच्या कामाचे वाटप होते. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, इतिहास-भूगोल मंडळ, गणित मंडळ, सांस्कृतिक विभाग, राष्ट्रीय हरित सेना, स्काउट-गाइड, आर.एस.पी. अशी नावे फळ्यावर लिहिली जातात. प्रत्येक नावासमोर एका शिक्षकाचे नाव येते. पुढे वर्षभर कार्यक्रम होत राहतात आणि वार्षिक स्नेहसंमेलनाच्या किंवा पारितोषिक वितरणाच्या दिवशी या सर्वांचा आढावा घेणारा अहवाल वाचला जातो. टाळ्या होतात, अहवालाची प्रत संस्थेच्या कार्यालयात जाते आणि पुढील जूनमध्ये तेच चक्र पुन्हा सुरू होते.

शिक्षणविषयक लेखनात या मंडळांचा उल्लेख बहुधा 'सहशालेय उपक्रम' या मथळ्याखाली व कौतुकाच्या सुरात येतो. व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्वगुण, सुप्त गुणांना वाव ही त्या लेखनाची ठरलेली शब्दावली. परंतु मंडळांच्या वर्षाची चिकित्सा क्वचितच होते. त्या वर्षाचे जे एकमेव लिखित रूप शिल्लक राहते, त्या अहवालाकडे 'संहिता' म्हणून तर कोणीच पाहत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने कथेची किंवा आत्मचरित्राची भाषा ज्या काळजीने वाचावी, त्याच काळजीने हा अहवाल वाचला तर त्यातून एक मूलभूत प्रश्न समोर येतो : हे वर्ष नेमके कोणाचे? शिक्षकांचे, संस्थेचे, पाहुण्यांचे की विद्यार्थ्यांचे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे ठिकाण असलेल्या वडूज व त्याच्या परिसराच्या संदर्भात केला आहे. येथील कोणत्याही एका शाळेचे मूल्यमापन करणे हा लेखाचा हेतू नाही. ग्रामीण हायस्कूलमध्ये सर्वत्र रूढ असलेला एक साचा तपासणे आणि त्या साच्यापलीकडचे काही याच भूमीत पूर्वी घडले होते काय, हे पाहणे एवढीच त्याची मर्यादा आहे.

१. अहवालाचे व्याकरण

शालेय अहवालाची भाषा वाचकांच्या परिचयाची आहे. जयंती 'उत्साहात साजरी करण्यात येते', प्रतिमापूजन 'मान्यवरांच्या हस्ते संपन्न होते', वृक्षारोपण 'करण्यात येते', विद्यार्थी 'मनोगते व्यक्त करतात' आणि शेवटी उपस्थितांचे 'आभार मानण्यात येतात'. मराठीतील 'करण्यात येणे' ही रचना कर्त्याला वाक्याबाहेर ठेवण्याची उत्तम सोय आहे. काम झाले हे तिच्यातून कळते. ते कोणी ठरवले, कोणी केले आणि कोणी नको म्हटले हे कळत नाही. शासकीय पत्रव्यवहारात या रचनेला कारण असते, कारण तेथे व्यक्तीपेक्षा पद बोलत असते. विद्यार्थी मंडळाच्या वृत्तान्तात मात्र कर्ता वगळला की मंडळाचा मूळ हेतूच वगळला जातो. मुलांनी स्वतः काही ठरवावे व करावे यासाठीच तर मंडळ असते.

या भाषेत नावे अजिबात नसतात असे नाही. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक, विभागप्रमुख यांची नावे पदव्यांसह येतात. विद्यार्थ्यांची नावेही येतात, पण दोनच ठिकाणी : स्पर्धांच्या निकालात आणि शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत. विद्यार्थी इतरांना मागे टाकतो तेव्हा त्याला नाव मिळते. इतरांबरोबर मिळून काही करतो तेव्हा तो 'विद्यार्थी' या अनेकवचनात विरून जातो. मंडळ ही मुळात मिळून काम करण्याची जागा, पण तिच्या इतिहासात मिळून केलेल्या कामाला चेहरा नसतो. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रात ही विसंगती अधिकच बोचणारी आहे.

अहवालात आणखी दोन गोष्टी सहसा आढळत नाहीत. पहिली म्हणजे अपयश. जुलैमध्ये लावलेल्या रोपांपैकी मार्चमध्ये किती जगली, भित्तिपत्रकाचा दुसरा अंक का निघाला नाही, विज्ञान मंडळाचा कोणता प्रयोग फसला, यांची नोंद नसते. दुसरी म्हणजे स्थळ. गावाचे व संस्थेचे नाव बदलले तर खटाव तालुक्यातील अहवाल कोकणातील किंवा विदर्भातील शाळेलाही चालून जाईल. पाऊस लांबला, टँकर सुरू झाले, कांदा काढणीच्या दिवसांत वर्ग रिकामे राहिले, अशा गोष्टींचा त्यात मागमूसही नसतो.

याचा दोष अहवाल लिहिणाऱ्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. हा लेखनप्रकार अनुदान, तपासणी आणि संस्थेचे वार्षिक मूल्यमापन यांच्या गरजेतून घडला आहे. त्याचा खरा वाचक अधिकारी असतो, आणि त्याच्यासमोर अपयश मांडून कोणाचा लाभ होत नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांना तर हे वेगळे सांगावयास नको. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद (नॅक) १९९४ मध्ये स्थापन झाली आणि पुढे उच्च शिक्षणातही उपक्रमांचे पुरावे, छायाचित्रे व उपस्थितीपत्रके जमवण्याची पद्धत रुळली. शाळा व महाविद्यालय यांची अहवालाची भाषा आज एकच आहे. म्हणूनच शालेय मंडळांची चिकित्सा ही महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांची आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या एककांचीही चिकित्सा ठरते.

२. तारखांचे वर्ष

मंडळांचे वर्ष तारखांनी बांधलेले असते. २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती, ११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिन, १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी व अण्णा भाऊ साठे यांची जयंती, ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, १४ सप्टेंबरला हिंदी दिन, २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. ही यादी लांबतच जाते, कारण शासनाचे नवे परिपत्रक तीत नव्या दिवसाची भर घालते. एखादा दिवस कमी झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

या दिवसांच्या योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांपैकी बहुतेक दिवस मोठ्या सामाजिक संघर्षांचे स्मरण करून देतात, आणि ज्या घरांत पुस्तके नाहीत तेथील मुलांना फुले, शाहू, आंबेडकर ही नावे प्रथम शाळेच्या परिपाठातच ऐकावयास मिळतात. अडचण वेगळीच आहे. तारीख स्वतः येते आणि स्वतः जाते. तिच्यासाठी निर्णय घ्यावा लागत नाही. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा शोध जाहीर केला, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून विज्ञान दिन साजरा होतो. त्या दिवशी रामन यांचे चरित्र सांगणारे भाषण होते. रामन यांना पडला होता तसा एखादा प्रश्न वर्षभर मनात बाळगणारा विद्यार्थी मात्र त्या भाषणातून घडत नाही. प्रश्नाला तारीख नसते. त्याला सातत्य लागते, आणि तारखांच्या वर्षात नेमकी त्याचीच उणीव राहते.

३. ९ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर

वडूजच्या संदर्भात या मुद्द्याला विशेष धार येते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्ट हा क्रांतिदिन म्हणून देशभर पाळला जातो. त्यानंतर महिन्याभरात सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि त्यात वडगावचे परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला. या दडपशाहीनंतर सातारा जिल्ह्यातील चळवळ भूमिगत झाली आणि १९४३ ते १९४६ या काळात 'प्रतिसरकार'चे पर्व उभे राहिले.

क्रांतिदिन आणि वडूजचा दिवस यांत बरोबर एका महिन्याचे अंतर आहे. शालेय मंडळाच्या दृष्टीने मात्र हे दोन दिवस सर्वस्वी भिन्न प्रकारचे आहेत. ९ ऑगस्टचे भाषण तयार मिळते. पाठ्यपुस्तकात, मार्गदर्शिकेत, वर्तमानपत्रात ते दरवर्षी उपलब्ध असते. ९ सप्टेंबरचे भाषण तयार मिळत नाही. ते तयार करावे लागते. मोर्चात कोणत्या गावांतून किती माणसे आली होती, ती कोणत्या वाटेने आली, स्त्रिया होत्या काय, जखमींना कोठे नेले, ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला त्या घरांचे पुढे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मुलांना गावोगाव हिंडून वृद्धांशी बोलावे लागेल. इतिहास मंडळाला यापेक्षा योग्य काम दुसरे कोणते असू शकेल?

आता या घटनेला आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. प्रत्यक्ष साक्षीदारांची पिढी जवळजवळ संपली. त्यांच्या मुलांनी व नातवंडांनी घरात ऐकलेल्या आठवणी तेवढ्या उरल्या आहेत, आणि त्याही फार काळ टिकणाऱ्या नाहीत. अशा वेळी अभिवादनाच्या वीस मिनिटांत हा दिवस आटोपला, तर हुतात्म्याचे नाव फलकावर राहते आणि घटना स्मृतीतून जाते. स्थानिक इतिहासाची ही हानी भरून काढण्याचे काम विद्यापीठातील संशोधक दुरून करू शकणार नाही. ते करण्याच्या सर्वांत जवळ असलेली संस्था म्हणजे गावातील हायस्कूल, आणि तिच्यातील सर्वांत योग्य व्यवस्था म्हणजे विद्यार्थी मंडळ. मंडळाचे वर्ष केवळ साजरे होते की वापरले जाते, हा प्रश्न त्यामुळे केवळ शिस्तीचा वा शैलीचा उरत नाही.

४. परिसरातील तीन वारसे

विद्यार्थ्यांच्या सामूहिक जीवनाविषयी या परिसराला मोठी परंपरा आहे. तिचे तीन प्रवाह येथे विचारात घेता येतील.

पहिला प्रवाह औंधचा. आज खटाव तालुक्यात असलेले औंध तेव्हा स्वतंत्र संस्थान होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९३८ मध्ये वस्तुसंग्रहालय उभारले आणि १९३९ मध्ये महात्मा गांधी व मॉरिस फ्रीडमन यांच्या सहभागाने तयार झालेली राज्यघटना स्वीकारून सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवली. साने गुरुजी काही काळ औंधला शिकले, ग. दि. माडगूळकर आणि शंकरराव खरात यांच्याही शालेय जीवनाचा औंधशी संबंध आला. या वारशात एक अंतर्विरोध आहे. राज्यकारभारात प्रजेला स्वायत्तता देणारा राजा शाळेच्या मैदानावर सक्तीचा पुरस्कर्ता होता. सर्वांनी एकाच वेळी एकच कृती करण्याची कवायत आणि स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची घटना, अशी दोन शिक्षणे एकाच संस्थानात शेजारी शेजारी नांदत होती. आजच्या शाळेने यांतील पहिले जपले आणि दुसरे विसरले, असे म्हणावे लागते.

दुसरा प्रवाह कर्मवीर भाऊराव पाटील यांचा. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे बोधवाक्य आज भित्तीवर दिसते, पण त्या काळी तो रोजच्या जगण्याचा भाग होता. भाकरी कोणी भाजायची, पाणी कोणी आणायचे, धान्य किती उरले, हे प्रश्न खरे होते आणि त्यांची उत्तरे मुलांनाच द्यावी लागत. येथे जबाबदारी गरजेतून आली होती. गरिबीचे उदात्तीकरण करून ती परिस्थिती परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि काम खरे असल्याखेरीज जबाबदारी खरी होत नाही, हा तिचा धडा आजही जुना झालेला नाही.

तिसरा प्रवाह अमळनेरचा. औंधमध्ये काही काळ शिकलेल्या साने गुरुजींमुळे त्याचा या परिसराशी धागा जुळतो. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवले. शालेय हस्तलिखिताच्या परंपरेत या प्रयोगाचा उल्लेख नेहमी आदराने होतो. परंतु येथेही एक चिकित्सक निरीक्षण आवश्यक आहे. त्या दैनिकामागे मुख्यत्वे गुरुजींचीच लेखणी व त्यांचेच जागरण होते. एका शिक्षकाची असामान्य निष्ठा ही व्यवस्था नव्हे. तो शिक्षक गेला की उपक्रम थांबतो. आजही ज्या शाळेत एखादा धडपड्या शिक्षक असतो तेथे हस्तलिखित निघते, आणि त्याची बदली झाली की कपाटात पडते. निष्ठावान शिक्षकाचे कौतुक करताना, त्याने स्वतःच्या हातातले काम मुलांच्या हाती कितपत सोपवले, हे पाहिले जात नाही.

हे तिन्ही वारसे एकत्र पाहिले तर विद्यार्थी मंडळाला आवश्यक असलेल्या तीन गोष्टी हाती लागतात : कारभाराचा अधिकार, खरे काम आणि लेखणी. आजच्या मंडळांच्या वर्षात यांपैकी किती गोष्टी मुलांच्या हाती असतात, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

५. 'बनगरवाडी'तील तालीम

या प्रश्नाचे अत्यंत सूक्ष्म चित्रण मराठी साहित्यात याच भूप्रदेशावरच्या एका कादंबरीत झाले आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून आलेला तरुण मास्तर हळूहळू वाडीचा होतो आणि त्याच्या पुढाकाराने, लोकांच्या श्रमांतून तालीम उभी राहते. तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजा येतो.

समीक्षकांनी या कादंबरीचा विचार प्रामुख्याने प्रादेशिकता, निसर्ग आणि व्यक्तिचित्रण या अंगांनी केला आहे. शिक्षणविचाराच्या अंगाने पाहिल्यास तालमीचा प्रसंग विलक्षण बोलका ठरतो. वरवर पाहता त्यात अहवालाचे सर्व घटक आहेत : उपक्रम, श्रमदान, मान्यवरांचे आगमन, उत्साह. एखाद्या अहवाललेखकाने ही कथा लिहिली असती तर ती राजाच्या आगमनाशीच संपली असती. माडगूळकरांची कादंबरी तेथे थांबत नाही. पुढे दुष्काळ येतो, वाडी उठते, माणसे व मेंढरे परागंदा होतात आणि ज्यांच्यासाठी सारे उभारले ती माणसेच मागे उरत नाहीत. उद्घाटनानंतर काय घडते, हे कादंबरीला ठाऊक आहे. अहवालाला ते ठाऊक नसते.

यातून उपक्रम व्यर्थ असतात असा निराशावादी अर्थ काढणे चुकीचे होईल. तालीम उभारताना वाडीतील माणसे एका कामाभोवती एकत्र आली, हे सत्य दुष्काळाने पुसले जात नाही. कादंबरीचे बळ असे की, ते एकत्र येणे आणि ते उधळले जाणे या दोहोंची नोंद ती सारख्याच ममतेने घेते. दुष्काळी प्रदेशातील शाळेच्या वृत्तान्ताने हा धडा घ्यावयास हवा. खटाव-माण भागातून कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची परंपरा जुनी आहे. सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त या व शेजारच्या खानापूर-आटपाडी भागातील माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरली आहेत. वर्गातील किती मुलांचे वडील, काका, भाऊ कोणत्या राज्यात आहेत याचा नकाशा भूगोल मंडळाने केला, तर स्थलांतर हा पाठ्यपुस्तकातील शब्द मुलांच्या घरात येऊन उभा राहील.

६. एसटीची वेळ आणि इतर अडचणी

मंडळांच्या मर्यादांचा विचार करताना ग्रामीण शाळेची भौतिक परिस्थिती दुर्लक्षिता येत नाही. तालुक्याच्या गावातील हायस्कूलमध्ये आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुले येतात. मुलींना एसटीच्या मोफत प्रवासाची सवलत अहिल्याबाई होळकर योजनेमुळे मिळाली आणि त्यांचे माध्यमिक शिक्षण टिकण्यास तिचा मोठा हातभार लागला. पण पास विनामूल्य असला तरी गाडीची वेळ ठरलेली असते. शाळा सुटल्यानंतर मंडळाच्या बैठकीला थांबायचे म्हणजे संध्याकाळची गाडी चुकवायची. मुलींच्या बाबतीत घरचे त्याला संमती देत नाहीत. परिणामी शाळेनंतरचा जो मोकळा वेळ मंडळाचा खरा वेळ असावा, तो गावात राहणाऱ्या मुलांपुरता, आणि त्यातही मुलग्यांपुरता उरतो. नेतृत्वगुण कोणात 'दिसतात' याचे उत्तर बऱ्याच अंशी एसटीच्या वेळापत्रकात दडलेले असते.

शिक्षकांवरील कामांचा बोजा ही दुसरी अडचण. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणे यांत वेळ जातो आणि मंडळाचे काम तासिकेच्या बाहेर राहते. तिसरी अडचण दहावीच्या निकालाची. दिवाळीनंतर दहावीच्या मुलांना मंडळांतून जणू रजा दिली जाते, म्हणजे सर्वांत अनुभवी विद्यार्थी कामाच्या ऐन वेळी बाहेर पडतात. पुढच्या वर्गाकडे अनुभव सोपवण्याची सोय राहत नाही आणि प्रत्येक जूनमध्ये मंडळ पुन्हा शून्यापासून सुरू होते.

धोरणात्मक पातळीवर शब्दांची वाण नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कृती, शोध व अन्वेषण यांतून शिकण्याचा निर्देश आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास व सहअभ्यास यांतील भिंत काढण्याची भाषा केली. परंतु ही धोरणे वरून खाली येताना पुन्हा परिपत्रके होतात, परिपत्रकांचे दिवस होतात आणि दिवसांची छायाचित्रे होतात.

७. वेगळ्या वर्षाची शक्यता

वेगळ्या वर्षासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. १९९३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने एक साधी अट घातली होती : प्रकल्प मुलांच्या गटाने करावा व तो स्थानिक प्रश्नावर असावा. २००१-०२ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय हरित सेनेचा हेतूही परिसराच्या अभ्यासाचाच होता. वडूज येरळा नदीच्या काठी वसले आहे. ही नदी खटाव तालुक्यात उगम पावून सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तालुक्यात येरळवाडीचा जलाशय आहे, मायणीचे पक्षी अभयारण्य आहे. जून ते मे या बारा महिन्यांत दर आठवड्याला एकाच पुलावरून येरळेचे पात्र पाहणे, पाऊस मोजणे, चार विहिरींची पातळी लिहिणे, जलाशयावर कोणते पक्षी कधी आले व कधी गेले याची टिपणे ठेवणे, या कामांना वही, दोरी आणि सातत्य एवढेच लागते. एका वर्षाच्या नोंदीतून विशेष निष्कर्ष निघणार नाही. दहा वर्षे दहा तुकड्यांनी ती वही पुढे चालवली, तर मात्र तालुक्याकडे स्वतःच्या पाण्याचा मुलांनी लिहिलेला इतिहास असेल.

अशा कामात एसटीची अडचणही काही प्रमाणात सुटते. वाडीवर राहणारी मुलगी स्वतःच्या वाडीतील विहीर मोजू शकते. किंबहुना तेथे तिच्यावाचून मोजणारे दुसरे कोणी नसते. ज्या अंतरामुळे ती मंडळाबाहेर राहते, त्याच अंतरामुळे ती मंडळाला अपरिहार्य होते. नऊ सप्टेंबरच्या आठवणी गोळा करण्याच्या कामालाही हेच लागू आहे. आजोबांशी बोलण्यासाठी शाळेत थांबावे लागत नाही.

या वर्षाचा वृत्तान्तही वेगळा होईल. मंडळाच्या बैठकीचे टिपण विद्यार्थी चिटणीस लिहील, जमाखर्च विद्यार्थी खजिनदार मांडेल, कोणत्या आठवड्यात नोंद चुकली आणि का चुकली हेही त्यात येईल. भाषा कदाचित अशुद्ध असेल, वाक्ये तुटक असतील. पण 'नोंद घेण्यात आली' या वाक्याच्या जागी कोणीतरी 'आम्ही मोजले' असे लिहील, आणि त्या 'आम्ही'त कोण कोण होते ते खाली सह्यांनिशी दिसेल.

समारोप

विद्यार्थी मंडळांच्या यशाची कसोटी कार्यक्रमांच्या संख्येत शोधली जाते. वरील विवेचनावरून तिच्या जागी तीन साधे प्रश्न सुचवता येतात. मंडळाने वर्षभरात स्वतः घेतलेला एक तरी निर्णय होता काय? मंडळाच्या नोंदीत एक तरी अपयश प्रामाणिकपणे लिहिले गेले काय? आणि अहवाल वाचला जात असताना समोर बसलेल्या विद्यार्थ्याला त्यातील एखादी चूक दुरुस्त करता येईल इतका तो अहवाल त्याच्या माहितीचा होता काय?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या गावात १९४२ मध्ये सामान्य शेतकऱ्यांनी कचेरीसमोर उभे राहून स्वतःच्या वतीने बोलण्याची किंमत मोजली, तेथील हायस्कूलमधून बाहेर पडणारा विद्यार्थी स्वतःच्या वर्षाचा कर्ता असावा ही अपेक्षा अवाजवी नाही. हाच विद्यार्थी पुढे महाविद्यालयात येतो, ग्रामसभेत बसतो, सहकारी सोसायटीचा सभासद होतो. तेथेही त्याच्यासमोर अहवाल वाचला जातो आणि 'मंजूर' असा आवाज अपेक्षिला जातो. त्या वेळी हात वर करून एखादा आकडा विचारण्याची सवय त्याला लागली असेल की नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी त्याच्या हायस्कूलमधील मंडळांच्या वर्षात झालेला असतो.